प्रस्तावना: शिशापासून काठीपर्यंत

पुळणीवरून गळ टाकायला शिकू पाहणारा माणूस पहिला प्रश्न काठीचा विचारतो. किती फुटी घेऊ, कोणत्या कंपनीची घेऊ, स्वस्तातली चालेल का? दुकानदारही तिथूनच सुरुवात करतो, कारण काठ्या भिंतीला उभ्या असतात, नजरेत भरतात आणि बिलात मोठा आकडा त्यांचाच असतो. मग काठीला शोभेल असे रील येते, रीलमध्ये मावेल तेवढा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, येतो आणि सगळ्यात शेवटी पिशवीत मूठभर शिसे आणि गळांचे एखादे पाकीट पडते. या पुस्तकात साहित्याची मांडणी नेमकी उलटी आहे. ती शिशापासून सुरू होते आणि काठी-रीलपाशी येऊन थांबते. हा उलटा क्रम का धरला, ते या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

गरवणे कोकणाला नवीन नाही. खडपावर उकिडवा बसलेला म्हातारा, हातात बाटलीला गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिशाचा तुकडा, नाहीतर गंजका नटबोल्ट, आणि सोललेली कोळंबी लावलेली गरी, हे दृश्य डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही दिसते. शिसे डोक्यावर दोनतीनदा गरगर फिरवून तो सोडतो आणि बाटलीचे तोंड समुद्राकडे धरतो. तंगूस तोंडावरून वेढ्यावेढ्याने सुटत जातो, बाटली जागची हलत नाही. महागडी काठी घेऊन आलेल्याने या माणसाकडे पाहून हसू नये, कारण त्याच्या स्वतःच्या स्पिनिंग रीलमध्ये हीच क्रिया घडते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकर व्यवसायातले आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी 1905 मध्ये ज्या रीलचे पेटंट घेतले, तिच्यात दोर फेकताना रिळाचा डबा स्थिर राहतो आणि दोर त्याच्या कडेवरून सुटतो. त्याआधीच्या रिळांत डबाच गरगर फिरायचा. शिसे पाण्यात पडल्यावरही तो फिरत राहिला की दोराचा असा गुंता व्हायचा की सोडवता सोडवता भरती उलटून जायची. स्थिर डब्याने नवशिक्याची या गुंत्यातून सुटका केली. बाटलीवाला त्यात मुळात कधी सापडलाच नव्हता.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. पुळणीवरून काठीने मासे धरण्यावर इंग्रजीत भरपूर लिहिले गेले, पण ते दुसऱ्या समुद्रांवर बसून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सजवळच्या कटीहंक बेटावर 1864 मध्ये स्थापन झालेल्या क्लबचे सभासद खडकांवर लाकडी माच बांधून पट्टेरी बासला गळ टाकत. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा माणूस थंडीत, जोरदार प्रवाहात, दीडशे ग्रॅमचे शिसे कॉड माशासाठी लांबवर फेकतो. ऑस्ट्रेलियातल्या खुल्या पुळणींवर वर्षभर मोठ्या लाटा येतात. त्या त्या ठिकाणी तेरा-चौदा फुटी काठी योग्यच आहे. ती पुस्तके वाचून आपला माणूस तसलीच काठी आणतो आणि डिसेंबरातल्या गुहागरच्या शांत पुळणीवर उभा राहतो, जिथे मासा त्याच्यापासून पंचवीस मीटरवर चरत असतो आणि गळ ऐंशी मीटरवर जाऊन पडतो. या पुस्तकाची गरज मला वाटली ती इथे.

आपल्या भूमीतला आधार शोधायचा तर फार मागे जावे लागते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. त्यात समुद्रातले आणि नदीतले मासे वेगळे काढले आहेत, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असा भेद केला आहे आणि कोणत्या माशाला कोणता चारा रुचतो हे जातवार सांगितले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. मला त्यातले महत्त्वाचे वाटते ते हे की राजाचा विचार माशापासून निघून साधनाकडे जातो. त्यानंतर ब्रिटिश अंमलात हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ 1873 मध्ये आले. त्यांचा जीव मुख्यतः नदीतल्या महसीरवर जडलेला. पुळण या सगळ्यांत उपेक्षितच राहिली.

आता शिशाकडे.

लाटांच्या पाण्यात गळाला तळाशी धरून ठेवते ते शिसे. बाकीचे सगळे साहित्य त्या शिशाला हव्या त्या जागी नेण्यासाठी आणि तिथून परत आणण्यासाठी असते. म्हणून पहिला प्रश्न असा की आपण जिथे उभे राहणार त्या पाण्यात किती वजन टिकते. याचे उत्तर दुकानात मिळत नाही, पण किनाऱ्यावर पाच मिनिटांत मिळते. गळ न लावता साठ ग्रॅमचे शिसे समोर सरळ फेकावे, दोर ताणून घ्यावा आणि थांबावे. दोर नाकासमोर राहिला तर वजन पुरेसे आहे. तो हळूहळू तिरका होत एका बाजूला सरकू लागला, तर शिसे किनाऱ्याला समांतर वाहणाऱ्या प्रवाहाबरोबर तळावरून घरंगळते आहे. मग वजन वाढवायचे, किंवा त्याआधी आकार बदलून पाहायचा. गोल शिसे लवकर घरंगळते. पिरॅमिडच्या आकाराचे शिसे वाळूत टोक खुपसून बसते, त्यामुळे तेवढ्याच वजनात जास्त धरते. तारांचे पाय असलेले शिसे त्याहून घट्ट बसते, पण ऑक्टोबर ते मेपर्यंतच्या आपल्या बहुतेक पुळणींवर त्याची गरज पडत नाही. साठ ते शंभर ग्रॅमच्या पिरॅमिडांवर नवशिक्याचे पहिले वर्ष आरामात निघते. नदीच्या मुखाची गोष्ट निराळी. देवबागला कर्ली समुद्राला मिळते तिथे जोरदार ओहोटीत शंभर ग्रॅमही पाण्याबरोबर चालू लागते.

वाहणारे शिसे दरवेळी वाईट असते असेही नाही. रावसासारखा मासा कोळंबीच्या मागावर अगदी फेसापर्यंत येतो. त्याच्या छातीच्या परांखाली दोऱ्यांसारखे चार सुटे काटे असतात आणि गढूळ पाण्यात तो त्यांनी चाचपून अन्न शोधतो. अशा माशासमोरून आमिष हळूहळू सरकत गेले तर ते एका जागी गाडलेल्या आमिषापेक्षा जास्त काम करते. तेव्हा शिसे मुद्दाम थोडे हलके ठेवायचे. म्हणजे वजन ठरवताना प्रवाहाबरोबर मासाही विचारात घ्यावा लागतो. परदेशी कोष्टकांत पहिला हिशेब असतो, दुसरा क्वचितच.

किती लांब फेकायचे, हे तळाचा उतार ठरवतो. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते, एवढा तिथला तळ सपाट. तिथे सुकतीला शंभर मीटर फेकूनही गळ गुडघाभर पाण्यातच पडेल. त्यापेक्षा भरती चढू लागण्याची वाट पाहिलेली बरी. उताराच्या पुळणीवर वेगळे दिसते. थोडे उंचावर उभे राहून पाहिले की लाट एकदा बाहेर फुटते, मग मधला एक गडद, तुलनेने शांत पट्टा जातो आणि मग ती पुन्हा किनाऱ्याशी फुटते. लाट बाहेर फुटते तिथे वाळूचा उंचवटा आहे आणि गडद पट्टा ही त्याच्या आतली खोल घळ. लाटांनी उकरलेले किडे, खेकडे, करंदी या घळीत जमतात आणि मासे तिच्यातूनच किनाऱ्याच्या बाजूबाजूने फिरतात. घळ बहुतेकदा वीस-तीस मीटरवर असते. तिला ओलांडून पलीकडच्या उंचवट्यावर गळ टाकणे हा नवशिक्यांचा आवडता छंद आहे.

गळांच्या आकड्यांनी पुष्कळांचा गोंधळ होतो. 1 पासून 2, 4, 6, 8 असे पुढे जावे तसा गळ लहान होत जातो. पण आकड्यापुढे शून्य आले की चाल उलटते: 1/0 पेक्षा 3/0 मोठा आणि 6/0 त्याहून मोठा. नवशिक्याने मोठा गळ घेऊ नये, कारण त्याचा पहिला मासा बहुधा मुडदुशी असणार. मुंबईकडे तिला रेणवी म्हणतात. ती अगदी काठाशी वाळूवर चरते, घाबरली की वाळूत घुसते आणि तिचे तोंड एवढेसे असते. 6 किंवा 8 नंबरचा लांब दांड्याचा गळ आणि त्यावर नखाएवढा कोळंबीचा तुकडा एवढे तिला पुरते. रावसासाठी आणि खाडीच्या तोंडाशी येणाऱ्या जिताड्यासाठी 2/0 ते 4/0 लागतात. जिताड्याच्या कल्ल्यावरचे झाकण सुरीसारखे धारदार असते, म्हणून गळापाशी जाड तंगूस हवाच. आणि मासे धरायचे म्हणजे पापलेट, असे मनात घेऊन येणाऱ्यांसाठी आत्ताच सांगतो: 2023 मध्ये तो महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, पण पुळणीवरच्या गळाला लागण्याची त्याची रीत नाही. त्याचे खाणे मुख्यतः पाण्यात तरंगणारे बारीक जीव, आणि त्याचा मार्ग जाळ्याचा.

दोराचे प्रकरण या पुस्तकात सगळ्यात लांबले आहे आणि ते मी कमी केलेले नाही. दोराच्या जाडीवर दोन गोष्टी अवलंबून असतात आणि त्या सारख्या वेगाने वाढत नाहीत. जाडी दुप्पट केली तर ताकद साधारण चौपट होते, कारण ताकद छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. पण वाहते पाणी दोराला जितके ढकलते ते फक्त जाडीच्या प्रमाणात, म्हणजे दुप्पटच वाढते. हिशेब ऐकून जाड दोर फायद्याचा वाटेल. पण पाण्यात दोराची साठ-सत्तर मीटर लांबी असते आणि शिसे एकटे. त्या सगळ्या लांबीवर पाणी ढकलत असते आणि तो ताण शेवटी शिशावर येतो. दोर जाड झाला की शिसे वाढवावे लागते, शिसे वाढले की काठी जड लागते आणि संध्याकाळपर्यंत खांदा बोलू लागतो. म्हणून मासा झेपेल आणि खडकाला थोडे घासूनही टिकेल इतका, पण त्याहून जाड नाही असा दोर हवा. आपल्या पुळणींसाठी साध्या नायलॉनचा 0.35 मिलिमीटरचा तंगूस घ्यावा. त्याची ताकद सात-आठ किलोच्या आसपास असते.

आता ब्रेडची, म्हणजे पॉलिएथिलीनच्या अतिसूक्ष्म धाग्यांच्या विणलेल्या दोराची, फार चलती आहे. तेवढ्याच ताकदीला तो निम्म्याहून बारीक असतो आणि ताणला तरी जवळजवळ लांबत नाही, त्यामुळे माशाने आमिषाला नुसते हुंगले तरी काठीच्या शेंड्यावर कळते. नायलॉन मात्र चांगलाच लांबतो. अनुभवी माणसासाठी ब्रेड उत्तम. नवशिक्याला मी तो पहिल्या वर्षी देणार नाही. फेकताना, दोर सुटावा म्हणून उघडलेली रीलची तार मध्येच मिटली तर नायलॉन थोडा लांबून धक्का खातो. ब्रेड बोट कापतो किंवा शिसे तोडून पाठवतो. शिंपल्यांच्या खडपावर तो एका घासण्यात जातो. आणि वाऱ्यात त्याला पडलेली गाठ सोडवायला चष्मा, सुई आणि शांत स्वभाव तिन्ही लागतात.

कोणताही दोर घेतला तरी पुढे, शिशाच्या बाजूला, जाड दोराचा तुकडा म्हणजे लीडर जोडणे सोडू नये. फेकीच्या क्षणी दोरावर येणारा झटका शिशाच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. जुना आडाखा असा आहे की शिशाच्या प्रत्येक औंसामागे, म्हणजे 28 ग्रॅमांमागे, लीडरची ताकद दहा पौंड धरावी. पंच्याऐंशी ग्रॅमच्या शिशाला तीस पौंड म्हणजे सुमारे साडेतेरा किलो, 0.55 मिलिमीटरच्या आसपासचा तंगूस तेवढे काम करतो. लांबी काठीच्या दुप्पट, आणि वर रीलवर पाच-सहा वेढे बसतील इतकी. हा लीडर फेकणाऱ्यासाठी नसतो, पुळणीवर फिरायला आलेल्या लोकांसाठी असतो. तुटून सुटलेले शिसे कुठल्या दिशेला जाईल हे कोणालाच सांगता येत नाही. दोन दोर जोडणारी गाठ ओढून घट्ट करण्याआधी थुंकीने ओली करावी. कोरडी गाठ ओढताना घर्षणाने तापते आणि नायलॉन त्याच जागी कमजोर होतो. असा दोर तुटला की तुटलेल्या टोकाला बारीक कुरळी शेपटी दिसते. ती पाहिली की मासा किती मोठा होता याच्या गोष्टी सांगणे थांबवावे.

एवढे ठरल्यावर काठी आपोआप ठरते. साठ ते शंभर ग्रॅम शिसे, 0.35 चा दोर, तीस-चाळीस मीटरची फेक: याला दहा ते अकरा फुटी, दोन तुकड्यांची आणि बुंध्याजवळ फेकीचे वजन साधारण 50 ते 100 ग्रॅम असे छापलेली काठी पुरते. लांबी हवी ती फेकीपेक्षाही दोर पहिल्या लाटेच्या फेसावरून उचलून धरण्यासाठी. फेस दोराला धरतो आणि शिसे उपटतो. आठ फुटी काठीने हे जमत नाही, आणि तेरा फुटी काठी बहुतेक नवशिक्यांना पुरती वाकवता येत नाही, त्यामुळे ती कमीच फेकते. फायबरग्लासची काठी जड असते पण पडझड सोसते. कार्बनची हलकी आणि चपळ, पण दगडावर आपटली की कुठेतरी केसाएवढी चीर जाते आणि महिन्याभराने भर फेकीत तुटते. दोन्हींचे मिश्रण असलेली मिळाली तर घ्यावी. ताणून लांब होणाऱ्या दुमडत्या काठ्या मात्र घेऊ नयेत. त्यांच्या सांध्यांत वाळू जाते, मग त्या उघडत नाहीत, आणि उघडल्या तर मिटत नाहीत. दुकानात काठीच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकला तर कडीला चीर आहे, आणि तीच चीर पुढे दोर कापणार. दुकानदार थोडा वैतागेल, वैतागू द्यावे.

रीलबद्दल थोडक्यात. 5000 किंवा 6000 आकाराचे स्पिनिंग रील घ्यावे. खोक्यावर बेअरिंगांची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते, तिच्याकडे दुर्लक्ष करावे आणि खाऱ्या पाण्यापासून संरक्षण आहे का ते विचारावे. दोर डब्याच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर खाली येईपर्यंत भरावा. कमी भरला तर तो कडेला घासत सुटतो आणि फेक आखूड पडते. रील वाळूवर कधीही ठेवू नये. पुळणीवरचे सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे प्लंबरकडून घेतलेला पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा: खालचे टोक तिरके कापायचे, वाळूत रोवायचे आणि त्यात काठी उभी करायची. घरी आल्यावर रील मऊ धारेखाली गोड्या पाण्याने धुवावे. नळीने जोरात फवारा मारला तर मीठ निघण्याऐवजी आत शिरते.

आणखी दोन-तीन गोष्टी सांगून वाट मोकळी करतो. शिंगाळा गळाला लागला तर त्याच्या पाठीवरच्या आणि छातीच्या बाजूच्या काट्यांना हात लावू नये, ते विषारी असतात. पाकटाच्या शेपटीचेही तसेच. काटा बसलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा, वेदना उतरते, आणि मग डॉक्टरकडे जावे. शिंगाळ्याच्या तोंडात अंडी दिसली तर त्याला चिमट्याने गळातून सोडवून पाण्यात टाकावे. नर तोंडातच अंडी सांभाळतो. महाराष्ट्रात 2023 पासून अनेक जातींना किमान लांबीचे बंधन आहे, म्हणून पिशवीत मोजपट्टी हवी. कार्बनची काठी वीज वाहून नेते, तेव्हा ढग गडगडू लागले की ती खाली ठेवावी आणि विजेच्या तारांखालून ती उभी धरून चालू नये. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, ओढली जात असेल तिथे गळ टाकू नये. पुळण रापणकरांची आधी आहे.

पुस्तकाचा पहिला भाग पाण्याचा आहे: भरती, प्रवाह, तळाची वाळू. दुसरा माशांचा, तिसरा साहित्याचा. होडीतून किंवा जाळ्याने होणारी मासेमारी यात नाही, आणि पावसाळ्यातले खडपावरचे गरवणेही नाही; ते शिकवण्याची जबाबदारी मला घ्यायची नाही. पहिला भाग वाचताना पंचांग जवळ असू द्यावे. मुंबईच्या आसपास तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दक्षिणेकडे जावे तशी वेळही थोडी हलते आणि पाण्याचा चढउतारही कमी होतो, त्याची कोष्टके दुसऱ्या प्रकरणात दिली आहेत. सुरुवातीला अष्टमी-नवमीच्या सुमाराचे भांगाचे दिवस निवडावेत. उधाणाच्या मानाने तेव्हा प्रवाह मंद असतो आणि साठ ग्रॅमचे शिसे टाकले तिथेच राहते.